थोरल्याला एक शिलिंग, बायकोला पलंग: जुनं इंग्रजी मृत्युपत्र वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई लग्न होऊन इंग्लंडला आल्या. सासरची वंशावळ जुळवताना त्यांच्या हाती लिंकनशायरमधल्या एका पूर्वजाचं मृत्युपत्र लागलं. धंदा 'हजबंडमन', म्हणजे लहान शेतकरी. मृत्युपत्राची तारीख 12 फेब्रुवारी 1640, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टानं दिलेली मंजुरी, मे 1641 मधलं. थोरल्या मुलाला एक शिलिंग. धाकट्याला घर आणि एक 'क्लोज', म्हणजे कुंपण घातलेलं शेत. दोन्ही मुलींना दहा-दहा पौंड. 'सन-इन-लॉ'ला एक मेंढी. आणि बायकोला तिचा पलंग, एक गाय आणि बैठकीच्या वरची खोली. ताई विचारतात, "इंग्लंडमध्ये सगळं थोरल्याला जातं असं आपण शाळेपासून ऐकतो, इथे तर उलटंच दिसतंय. थोरल्यानं असं काय केलं होतं? आणि बायकोवर एवढा राग कशाचा?"

माझ्या मते राग कुणावरच नाही. वीसेक वर्षं असे कागद वाचतोय आणि नवा माणूस बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी अडतो. मीही अडलो होतो. मृत्युपत्र म्हणजे सगळ्या मिळकतीचं वाटणीपत्र, असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. हयातीत जे देऊन झालं ते त्यात येत नाही. कायद्यानं किंवा गावच्या रूढीनं जे आपोआप कुणाकडे जाणार, तेही बहुधा येत नाही. या दोन्हींतून जे उरलं, त्याची सोय त्या कागदावर लावलेली असते.

आधी तारखेचा गुंता सोडवू, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. मृत्युपत्र केल्यावर माणूस सव्वा वर्ष जगला, असा तुमचा हिशेब दिसतो. पण 1752 च्या आधी इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे 12 फेब्रुवारी 1640 म्हणजे आपल्या हिशेबानं फेब्रुवारी 1641. मृत्युपत्र आणि प्रोबेट यांत अंतर फक्त तीन महिन्यांचं, म्हणजे हा कागद आजारपणात, बहुधा अंथरुणावरूनच सांगितलेला. तुमच्याकडच्या प्रतीत 'शरीरानं आजारी, पण बुद्धी आणि स्मरण शाबूत, देवाची कृपा' अशा अर्थाचं वाक्य असेल. ते साचेबंद असतं, तरी बहुतेकांच्या बाबतीत खरंही असतं. गावाकडचा माणूस धडधाकट असताना मृत्युपत्राच्या वाटेला सहसा जात नसे. तो आजारी पडला की पाद्री भेटीला येई, आणि इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातच पाद्र्याला सूचना होती की रोग्यानं मालमत्तेची व्यवस्था केली नसेल तर त्याला ती करायला सांगावं. मग लिहिता येणारा कुणीतरी शोधायचा. तो पाद्री स्वतः, शाळामास्तर किंवा शेजारचा शिकलेला शेतकरी असे. लिहायलाही वेळ मिळाला नाही, तर मरणारा तोंडी सांगे आणि उशाशी बसलेले लोक नंतर ते लिहवून घेत. असे कागद 'मेमोरँडम' या शब्दानं सुरू होतात. मला ते सगळ्यांत जास्त आवडतात, कारण त्यांत माणूस बोलताना ऐकू येतो. कुणीतरी विचारतं, अमकीला काय? तो म्हणतो, तिला मी दिलंय ते पुरे.

आता थोरल्याचा नियम. तो खरा आहे, पण दोन अटींसह: फक्त जमिनीपुरता आणि फक्त मृत्युपत्र नसेल तर. तोही सगळीकडे नव्हता. केंटमध्ये 'गॅव्हलकाइंड' नावाची रीत होती, तिथे जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई. ससेक्स, सरेमधल्या कित्येक गावांत 'बरो इंग्लिश' चालायचं, त्यात वारस सगळ्यांत धाकटा. जनावरं, धान्य, भांडी, रोख पैसा यांना थोरलेपणाचा नियम कधीच लागू नव्हता. मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाच्या अशा जंगम मालाचं काय करायचं, ते 1670 च्या कायद्यानं पक्कं केलं: बायकोला एक तृतीयांश, बाकीचं सगळ्या मुलामुलींत सारखं. मृत्युपत्र नसलेल्या जमिनीबाबत थोरल्याचा हक्क मात्र थेट 1 जानेवारी 1926 पर्यंत टिकला.

म्हणजे थोरल्याला द्यायचं असेल तर जमीनवाल्या बापाला काहीच करावं लागत नव्हतं, गप्प मेलं तरी चालायचं. मृत्युपत्र लिहायची खटपट करायची ती इतरांसाठी. 1540 च्या कायद्यानं साध्या मालकी हक्काची जमीन हवी त्याला लिहून द्यायची मुभा मिळाली. सरंजामी लष्करी सेवेच्या हक्कानं धरलेल्या जमिनीचा फक्त दोन तृतीयांश भाग देता यायचा, पण 1660 मध्ये तो प्रकारच निकालात निघाला. तुमच्या हजबंडमनला त्याच्याशी काही घेणंदेणंही नव्हतं.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मानंच हिस्सा, ही आपल्या मनात मुरलेली कल्पना तिथे नाही. बाप जिवंत आहे तोवर मुलगा वारसच नाही, फार तर होऊ घातलेला वारस. गोव्यातल्या वाचकांना तर हे आणखी चमत्कारिक वाटेल, कारण तिथल्या पोर्तुगीज वळणाच्या कायद्यात अर्धी मिळकत मुलाबाळांसाठी राखीव असते आणि बापाला मृत्युपत्रानं तिला हात लावता येत नाही. इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कच्या धर्मप्रांतात, जंगम मालाबाबत तशीच काहीशी रूढी होती: एक तृतीयांश बायकोचा, एक तृतीयांश मुलांचा आणि उरलेल्या 'मयताच्या वाट्या'चंच काय ते मृत्युपत्र. 1692 च्या कायद्यानं ते बंधनही सुटलं. लिंकन मात्र कँटरबरीच्या प्रांतात येतं, त्यामुळे तुमच्या पूर्वजाचे हात मोकळे होते.

मग एक शिलिंग का? जमीन कोणत्या प्रकारची होती ते पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. खेड्यातल्या जमिनीचे ढोबळमानानं तीन प्रकार. पहिला फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची. दुसरा लीजहोल्ड, भाडेपट्ट्याची, आणि कायद्याच्या नजरेत ती चक्क जंगम मालात मोडायची. तिसरा कॉपीहोल्ड, आणि गावाकडच्या मृत्युपत्रांतला बहुतेक गोंधळ याच्यामुळे होतो. कॉपीहोल्ड म्हणजे मॅनरच्या, आपल्या भाषेत जहागिरीच्या, वहीत नाव लावून धरलेली जमीन. त्या वहीतल्या नोंदीची नक्कल म्हणजेच 'कॉपी', शेतकऱ्याकडे पुरावा म्हणून तेवढीच. उताऱ्यावरची जमीन म्हटलं की मराठी माणसाला लगेच कळतं. ही जमीन नुसत्या मृत्युपत्रानं देता येत नसे. आधी ती मॅनरच्या मालकाकडे 'माझ्या मृत्युपत्रात लिहीन त्याप्रमाणे' अशा शब्दांत परत करायची, मग वारसानं मॅनरच्या कोर्टात हजर होऊन, रक्कम भरून आपलं नाव लावून घ्यायचं. थोडक्यात फेरफार. कित्येक ठिकाणी मालक मयताच्या गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावरही घेऊन जाई.

बापानं थोरल्याच्या लग्नातच कोर्टात जाऊन काही एकर त्याच्या नावे लावून दिले असतील, तर मृत्युपत्रात त्याचा शब्दही येणार नाही. आणि काहीच केलं नसेल, तरी बहुतेक मॅनरांच्या रूढीनं कॉपीहोल्ड थोरल्याकडेच जाई, मग ते लिहायचं कशाला? दोन्ही शक्यतांत त्याचा वाटा मृत्युपत्राच्या बाहेर आहे. धाकटा अजून घरात, बापाबरोबर नांगर धरतोय, त्याची सोय व्हायची आहे, म्हणून त्याचं नाव कागदावर. शिलिंग ठेवायचं ते एवढ्याचसाठी की उद्या कुणी म्हणू नये, आजारपणात बाप थोरल्याला विसरला. विसरलेला मुलगा मृत्युपत्र मोडू शकतो अशी लोकांची समजूत होती. इंग्रजी कायद्याला तसं काही लागत नव्हतं, पण गावात कायद्यापेक्षा समजूत जास्त चालते, तिथेही आणि इथेही. रागानं शिलिंग ठेवलेली मृत्युपत्रंही आहेत, नाही असं नाही. पण राग असला की बहुतेक वेळा तो लिहिलेला सापडतो: 'आज्ञा न मानणारा', 'माझ्या मर्जीविरुद्ध लग्न केलेला'. तुमच्या कागदात तसं विशेषण नसेल तर थोरल्याला दोषमुक्त करून टाका.

मुलींचे दहा पौंड हा या कागदाचा कणा आहे. दहा पौंड म्हणजे दोनशे शिलिंग. त्या काळी गावातल्या मजुराला दिवसाला शिलिंगभर मिळालं तरी खूप, बहुधा त्याहून कमीच. म्हणजे प्रत्येकीसाठी दोनशेहून जास्त दिवसांची मजुरी. एवढी रोकड लहान शेतकऱ्याच्या घरात पडून नसायची. मग ती कोण देणार? वाचून पाहा, 'एकविसावं वर्ष किंवा लग्न, जे आधी होईल तेव्हा' द्यायची आणि ती देणारा धाकटा भाऊ, असं असेल. पुढे बहुधा अशी अट: भावानं दिली नाही तर बहिणीनं त्या क्लोजमध्ये शिरून तिथलं पीक, जनावर अडकवून ठेवावं. म्हणजे धाकट्याला मिळालं ते शेत आणि शेताबरोबर वीस पौंडांचं ओझं. तो पहिली काही वर्षं बहिणींचे हप्ते फेडत राहणार. जमीन एकाकडे ठेवायची आणि इतरांचा वाटा त्याच्याकडून पैशात वसूल करून द्यायचा, हा इंग्लंडच्या खेड्यांतला नेहमीचा तोडगा होता. जमिनीचे तुकडे होत नसत, पण जमीन ज्याच्याकडे गेली तो कर्जात बुडायचा. दोन-तीन पिकं गेली की असा मुलगा शेत विकून मोकळा होई, आणि घेणारा असे आधीच सधन झालेला एखादा 'योमन', म्हणजे हजबंडमनहून मोठा शेतकरी. मॅनरच्या वह्या पुढे वाचत गेलात तर धाकट्याचं नाव किती वर्षं टिकलं ते कळेल.

आता बायको. तिचं प्रकरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. लग्नानंतर इंग्लिश स्त्रीच्या जंगम वस्तू कायद्यानं नवऱ्याच्या होत. आपल्याकडे स्त्रीधन म्हणून जे तिचं राहतं, तसं तिथे काही नव्हतं. माहेरून आणलेला पलंग, पेटी, पितळी हंडा सगळं त्याचं. म्हणूनच 'तिनं येताना आणलेला पलंग' तिला परत लिहून द्यावा लागे. हे नवऱ्याच्या मोठ्या मनाचं लक्षण समजू नका, पण अपमानही समजू नका. 1616 मध्ये शेक्सपिअरनं बायकोला 'दुसऱ्या नंबरचा पलंग' ठेवला, त्यावरून लोकांनी पुष्कळ तर्क लढवले. पण त्या काळच्या घरात पिसांची गादी, उशा, पडदे, घोंगड्या धरून पलंग ही सगळ्यांत महागड्या वस्तूंपैकी एक असे, कित्येकदा गायीपेक्षा जास्त किमतीची.

शिवाय विधवेचा मुख्य वाटा मृत्युपत्रात लिहावाच लागत नसे. फ्रीहोल्ड जमिनीच्या एक तृतीयांश भागावर तिचा हयातभर हक्क कायद्यानंच असे, त्याला 'डाउअर' म्हणत. कॉपीहोल्डवर मॅनरच्या रूढीप्रमाणे कुठे तिसरा हिस्सा, कुठे अर्धा, कुठे पूर्ण जमीन, मात्र बऱ्याच ठिकाणी दुसरं लग्न करेपर्यंतच. आणि आता कागदाच्या तळाशी जा. तिथे 'उरलेला, वर न दिलेला सगळा माल, माझी कर्जं आणि दफनाचा खर्च भागवून' असं वाक्य असणारच. तो कुणाला दिलाय? माझी पैज आहे, बायकोला, आणि तिलाच एक्झिक्युट्रिक्स, म्हणजे व्यवस्था पाहणारी, नेमलेलं असेल. पलंग, गाय हे नुसते सुटे उल्लेख. घरातली भांडी, कोठारातलं धान्य, उभं पीक, बाकीची गुरं, येणी, सगळं त्या एका ओळीत तिच्याकडे गेलेलं असतं. नवखा वाचक ती ओळ कायद्याची भाषा म्हणून सोडून देतो. मीही पहिलं वर्षभर सोडत होतो.

खोलीचं कलम मात्र शब्द न् शब्द वाचा. अशा कलमांत काय काय असतं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही: वरच्या खोलीत राहायचा हक्क, स्वयंपाकघरातल्या चुलीचा वापर, विहिरीकडे जायची वाट, बागेतली अर्धी सफरचंदं, एका गायीची वैरण, वर्षाला इतक्या गाड्या सरपण आणि ते मुलानं तिच्या दाराशी आणून टाकायचं. जाण्यायेण्याचा हक्क तीन-तीन शब्दांत लिहिलेला, म्हणजे सुनेला दार लावून घेता येऊ नये. हे लिहिणाऱ्यानं आपल्या किंवा शेजारच्या घरात सासूसुनांचं पाणी कुठे मुरतं ते पाहिलेलं असतं.

मेंढी मिळालेला 'सन-इन-लॉ' जावईच असेल असं नाही. त्या काळात हा शब्द सावत्र मुलालाही वापरत, आणि 'फादर-इन-लॉ' म्हणजे कित्येकदा सावत्र बाप. 'कझिन' तर पुतण्या, भाचा, भाची, कुणीही. आपल्याकडे पुतण्या वेगळा, भाचा वेगळा, मेहुणा वेगळा, साडू वेगळा, त्यामुळे इंग्रजी नात्यांचा हा ढिसाळपणा आपल्याला पटकन लक्षात येत नाही. दोन्ही मुलींची लग्नं व्हायची असतील, तर जावई आला कुठून? तो बहुधा बायकोचा आधीच्या लग्नाचा मुलगा. तसं असेल तर ती याच्याशी लग्न करतानाच विधवा होती आणि तुमच्या वंशावळीत एक अख्खं घर वाढलं.

मृत्युपत्राबरोबर मालाची यादी सापडते का तेही पाहा. 1529 च्या कायद्यापासून प्रोबेटसाठी ती द्यावी लागे आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ ठिकाणी ती टिकून आहे. मरणानंतर थोड्याच दिवसांत तीन-चार शेजारी घरात येत आणि खोलीमागून खोली फिरत प्रत्येक वस्तूची किंमत ठरवत. सुरुवात जवळजवळ नेहमी 'थैलीतले पैसे आणि अंगावरचे कपडे' इथून. मग बैठक, वरच्या खोल्या, दुधाची खोली, कोठार, गोठा, शेवटी रान. टांगलेल्या डुकराच्या मांसाच्या फाळी, चादरींच्या जोड्या, कथलाच्या ताटल्या, मधमाश्यांची पोळी, अंगणातलं शेणखतसुद्धा. शेतातलं उभं पीक मोजलं जाई, त्याखालची जमीन नाही. शेवटची ओळ बहुधा 'विसरलेल्या वस्तू', एक-दोन शिलिंग. आकडे बहुतेकदा रोमन असतात आणि शेवटचा 'आय' लांब शेपटीचा, 'जे'सारखा दिसतो. 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड. आजोबांना रुपये-आणे-पै येत असतील तर त्यांना बेरजेला बसवा. त्या यादीतल्या खोल्यांच्या क्रमावरून तुम्हाला घराचा नकाशा काढता येईल आणि त्या विधवेची वरची खोली नेमकी कुठे होती तेही दिसेल.

सुरुवातीच्या धार्मिक ओळींवरून पूर्वजाचा पंथ ठरवायची घाई मात्र करू नका. आत्मा कुणाच्या हाती सोपवला, कोणत्या शब्दांत, हे पुष्कळदा लिहिणाऱ्याचं असतं. एकाच गावातली पाच-सहा मृत्युपत्रं शेजारी ठेवा. तीच वाक्यं, तेच अक्षर, म्हणजे तो मास्तर बोलतोय, मरणारा नाही. खाली सहीच्या जागी फुली असेल तर तो अडाणी होता असंही धरू नका, मरणाऱ्याचा हात थरथरतो.

पुढचा शोध कुठे घ्यायचा ते सांगतो. 1858 च्या जानेवारीपर्यंत प्रोबेट चर्चच्या कोर्टांकडे होतं. तुमचा कागद लिंकनच्या बिशपच्या कोर्टातला असेल तर तो आणि यादी लिंकनशायरच्या अभिलेखागारात मिळेल. क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली मृत्युपत्रं कँटरबरीच्या वरिष्ठ कोर्टातली, 1384 ते 1858 या काळातली, आणि ऑनलाइन दिसतात त्या नोंदवहीतल्या नकला. त्यांत सही किंवा फुली मूळ माणसाची नसते. डेव्हनच्या कुटुंबांचं नशीब वाईट, त्यांची बहुतेक मृत्युपत्रं 1942 मध्ये एक्सिटरवर बॉम्ब पडले तेव्हा जळाली. तुम्ही त्यातून वाचलात. मॅनरच्या वह्या 1733 पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये आहेत, पण भाषा ठरावीक असते, दोन आठवड्यांत सरावते. 1641 नंतरची पहिली दोन-तीन वर्षं पाहा. थोरला तिथे भेटण्याची शक्यता चांगली आहे.

आणि बायकोला शोधा. लग्न झालेली स्त्री नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करू शकत नव्हती, विधवा करू शकत होती, आणि विधवांची मृत्युपत्रं नवऱ्यांच्या मृत्युपत्रांपेक्षा फार बारकाईची असतात: लाल परकर कुणाला, चांगली टोपी कुणाला, कोणत्या नातीला कोणती पेटी. पुन्हा लग्न केलं असेल तर आडनाव बदललेलं असणार, म्हणून आधी पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, विवाह नोंदी पाहा. तिचं मृत्युपत्र मिळालं तर तो पलंग पुढे कोणत्या मुलीकडे गेला ते बहुधा त्यात असेल.